मंडळीची आरोग्यसेवा: नर्स आणि स्वयंसेवकांना आधी काय शिकवायचं?

सिस्टर_निवृत्त

नमस्कार मंडळी! (दोन्ही अर्थांनी: तुम्ही सगळे, आणि मंडळी म्हणजे चर्चचा सभासदवर्ग.)

३४ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची नऊ इन्चार्ज म्हणून. निवृत्त होऊन जरा पाय पसरते न पसरते, तोच आमच्या चर्चच्या कमिटीने आरोग्यसेवा सुरू करायचा ठराव केला आणि प्रशिक्षणाची माळ माझ्या गळ्यात घातली. सोबतीला दोन नोकरी करणाऱ्या नर्स आहेत आणि नावं दिलेले अकरा स्वयंसेवक. त्यांत एक निवृत्त शिक्षक, एक हिशेबनीस, सहा वर्षं सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं केलेली एक गृहिणी, कॉलेजातली दोन मुलं. बाकीचे "सिस्टर, सांगाल ते करू" म्हणणारे.

मी आठ सत्रांचा आराखडा केला. बीपी, शुगर, प्रथमोपचार, आहार, पडझड टाळणं, औषधांच्या वेळा वगैरे. पाळकसाहेबांना (आमच्या चर्चचे धर्मगुरू) दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि एवढंच म्हणाले, "सिस्टर, ही तर ओपीडी झाली. यात मंडळी कुठे आहे?"

राग आला, खोटं कशाला बोलू. पण रात्री पुन्हा वाचला तेव्हा पटलं. म्हणून हा धागा. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं: सुरुवात कशाने करायची? नर्सना वेगळं शिकवायचं का? आणि स्वयंसेवकांना कुठवर जाऊ द्यायचं?

रात्रपाळी

सिस्टर, तुमच्या पाळकसाहेबांना माझा नमस्कार सांगा.

मी नोकरी सांभाळून मंडळीतल्या नर्सच्या कामाचा पायाभूत कोर्स केलाय, म्हणून थोडी पार्श्वभूमी देते. हे काम सुरू करणारे ग्रेंजर वेस्टबर्ग हे अमेरिकेतले लूथरन (एक प्रोटेस्टंट पंथ) पाळक होते आणि रुग्णालयात चॅप्लिन, म्हणजे रुग्णांसाठीचे पाळक, म्हणूनही काम केलेले. १९७०च्या दशकात त्यांनी चर्चच्या इमारतींत दवाखाने चालवून पाहिले, डॉक्टर, नर्स आणि पाळक एकाच छपराखाली. त्यात त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टरांची भाषाही समजते आणि पाळकांचीही, अशी व्यक्ती म्हणजे नर्स. मग १९८०च्या दशकाच्या मध्यावर शिकागोजवळच्या पार्क रिजमधल्या लूथरन जनरल हॉस्पिटलच्या मदतीने सहा मंडळ्यांत नर्स नेमल्या, चार प्रोटेस्टंट आणि दोन कॅथलिक. सुरुवातीला पगाराचा मोठा भाग रुग्णालयाने उचलला आणि वर्षागणिक मंडळीचा वाटा वाढत गेला. ही युक्ती मला फार आवडते. फुकटचं पाहुणं म्हणून नर्स आली असती तर मंडळीने तिला आपली मानलीच नसती.

१९९८ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने या कामाची व्याप्ती आणि मानकं मान्य केली आणि ही नर्सिंगची स्वतंत्र विशेष शाखा झाली. आधी 'पॅरिश नर्स' (मंडळीची नर्स) म्हणायचे, २००५ पासून 'फेथ कम्युनिटी नर्स'. वेस्टबर्ग यांच्या नावाची संस्था बरीच वर्षं अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात चर्च हेल्थ या संस्थेत होती, आणि नर्ससाठीचा पायाभूत अभ्यासक्रम तीच तयार करते.

आता तुमचा प्रश्न. नर्सना वेगळं शिकवायचं का? हो, आणि त्यातलं निम्मं शिकवणं म्हणजे विसरायला लावणं. वॉर्डात आपल्या हातात कायम काहीतरी असतं. सलाईन, ट्रे, केस पेपर. या कामात हात रिकामे. इंजेक्शन नाही, ड्रेसिंग नाही. शिकवणं, समजावणं, योग्य जागी पाठवणं, स्वयंसेवक उभे करणं, आधारगट जमवणं, पेशंटच्या बाजूने बोलणं आणि श्रद्धा व आरोग्य यांची सांगड घालणं, एवढंच काम. पहिले तीन महिने मला वाटायचं मी कामचुकार झालेय.

पाळकबाई

वरच्या इतिहासाला मागची एक कडी जोडते. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत फीबी भेटते, किंख्रियातल्या मंडळीची सेविका. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिची शिफारस करतो, तिला लागेल ती मदत करा म्हणतो. १८३६ मध्ये जर्मनीत कैसरस्वेर्थला थिओडोर आणि फ्रीडेरिके फ्लीडनर यांनी रुग्णसेवेसाठी 'डीकनेस' (मंडळीच्या सेविका) बायकांचं प्रशिक्षण सुरू केलं, ते याच जुन्या पदाला नवा जीव देऊन. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तिथे तीन महिने शिकल्या. म्हणजे आजच्या नर्सिंगची एक मुळी थेट मंडळीत जाते. सिस्टर, तुम्ही रुग्णालयातून मंडळीत येताय असं समजू नका, माहेरी येताय.

पण एक सावधगिरी. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी पाळक पूर्ण वेळ बसायला हवेत. आशीर्वादाची प्रार्थना करून निघून गेले तर काम वर्षभरात बंद पडतं. हे मी पाळकाच्या घरातून सांगतेय.

टाचणी

मी नर्सही नाही, स्वयंसेवकही नाही. मी ती आहे जिच्यावर हा प्रयोग झाला.

काही वर्षांपूर्वी माझ्या स्तनातली गाठ तपासायला दिली होती. रिपोर्ट यायचा होता. आमच्या (आता माझ्या नसलेल्या) चर्चमधली भेट द्यायला येणारी एक बाई घरी आली. अतिशय प्रेमळ. माझा हात धरून बसली आणि मी बोलून गेले. पुढच्या रविवारी उपासनेत प्रार्थना-विनंत्या वाचल्या गेल्या, त्यात माझं नाव होतं. नावापुढे 'कर्करोगापासून सुटका'.

माझी मुलगी शेजारी बसली होती. तिला मी अजून काही सांगितलंच नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, समोर बघत राहिली, आणि गीत सुरू झालं तेव्हा तिच्या हातातलं पुस्तक उलटं होतं.

गाठ साधी निघाली. मी त्या चर्चमध्ये परत गेले नाही. त्या बाईचं काय चुकलं हे तिला आजही कळलेलं नाही, कारण तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तेव्हा सिस्टर, बीपी मशीन राहू द्या बाजूला. आधी तोंड बंद ठेवायला शिकवा.

रात्रपाळी

टाचणीताई, हे लिहिल्याबद्दल आभार. परवानगी असेल तर नाव-गाव काढून आमच्या पुढच्या बॅचला वाचून दाखवेन.

टाचणी

वाचा. पुस्तक उलटं होतं तेही वाचा.

सिस्टर_निवृत्त

टाचणीताई, काल तुमचा प्रतिसाद वाचला आणि काही लिहवेना. माझ्या आराखड्यात 'गोपनीयता' होती. सातव्या सत्रात, शेवटची १५ मिनिटं.

पण मला खरंच विचारायचंय, प्रार्थना तर व्हायला हवी ना? मंडळी म्हणजे तेच. मग नेमकं करायचं काय?

पाळकबाई

आम्ही तीन प्रश्न पाठ करून घेतो. "तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगू का?" हा पहिला. हो म्हटलं तर, "नाव घ्यायचं का?" तेही चालेल म्हटलं तर, "कारण सांगायचं की नुसतं नाव?" लोक बहुतेक वेळा पहिल्याला हो म्हणतात आणि तिसऱ्याला थबकतात. ते थबकणं म्हणजे नाही. तिथे आग्रह करायचा नाही.

आणि कुठवर सांगायचं हेही विचारायचं. पाळकांपुरतं, प्रार्थनागटापुरतं, की सगळ्या उपासनेत? प्रार्थनेची साखळी फोनवरून चालत असेल तर जास्तच जपायचं. एकदा ग्रुपवर पडलेलं परत घेता येत नाही. देवाला तपशील लागत नाहीत. तपशील आपल्याला हवे असतात. (हे मी आमच्या बायकांना सांगते तेव्हा थोडी नाराजी होते, होऊ दे.)

शंकेखोर

धागा चांगला चाललाय, पण मी माझ्या आयडीला जागणार.

चर्चने आरोग्यात हात घातला की "गोळ्या सोडा, विश्वास ठेवा" यायला किती वेळ लागतो? माझ्या नात्यातले एक गृहस्थ शुगरची औषधं बंद करून बसले होते. कुणी तरी घरी येऊन साक्ष दिली (प्रार्थनेने बरं झाल्याचं सांगितलं) म्हणून. दवाखान्यात पोचले तेव्हा पाय काळा पडला होता. तुमचे हे अकरा उत्साही लोक घराघरांत जाणार, त्यांच्यापैकी एकाने जरी असं बोललं तर जबाबदार कोण?

रात्रपाळी

शंकेखोर, शंका रास्त आहे, आणि याचं उत्तर प्रशिक्षणातच द्यावं लागतं. आमच्याकडे पहिल्याच दिवशी लेखी कबुली घेतात: कुठलंही औषध सुरू करा, बंद करा, कमी-जास्त करा असं स्वयंसेवक सांगणार नाही. घरगुती उपायही सुचवणार नाही. नर्सलाही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते करता येत नाही, मग स्वयंसेवकाची काय कथा.

पण खरी पंचाईत उलटी असते. पेशंट स्वतःच म्हणतो, "मी गोळ्या सोडल्या, माझा प्रभूवर भरवसा आहे." तिथे स्वयंसेवक गडबडतो. औषध घ्या म्हटलं तर आपण अविश्वासी ठरतो का, अशी भीती. याचा आम्ही रोल-प्ले करतो आणि दोन-तीनदा करतो. वाद घालायचा नाही. बायबलच्या वचनांची लढाई तर मुळीच नाही. "कधी सोडल्या? सोडताना काही त्रास होत होता का?" एवढं विचारायचं. पुष्कळदा आतून वेगळंच निघतं. गोळीने चक्कर येत होती, पैसे संपले होते, किंवा सून रोज काढून द्यायची ती माहेरी गेली होती. श्रद्धा पुढे केलेली असते, मागे अडचण असते. मग नर्स आणि पाळक, दोघांनी मिळून जायचं. पाळकांच्या तोंडून "औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे" हे एक वाक्य आलं की माझ्या दहा वाक्यांचं काम होतं.

जाता जाता: कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर विषय बदलून प्रार्थना सुरू करायची नाही. सरळ विचारायचं, "आत्महत्येचा विचार येतो का?" विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो हा गैरसमज आहे. हो म्हटलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि लगेच मदत मागायची. मानसिक प्रथमोपचाराचं जे प्रशिक्षण २००० साली ऑस्ट्रेलियात सुरू होऊन जगभर पसरलं, ते सामान्य माणसांसाठीच आहे. नर्ससकट सगळ्यांनी करावं.

वळणवाट

सगळे बीपी मशीनला नावं ठेवतायत म्हणून तिची बाजू मांडायला आलो. मी साधा स्वयंसेवक, पाच वर्षं हे करतोय.

आमचा पहिला रविवार सांगतो. उपासना सुटली, दाराशीच टेबल मांडलं, रांग लागली. लोक जिना चढून आलेले, स्वेटरच्या बाहीवर मशीनचा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा), पायावर पाय, आणि शेजारच्याशी गप्पा चालू. मी आकडे धडाधड लिहितोय. एका काकांचा आला १८६/११२. मी मोठ्यांदा म्हणालो, "अरे बापरे!" रांगेतल्या सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका उठून निघून गेले. त्यांना गाठायला नर्सबाईंना तीन फोन करावे लागले.

आता टेबल आतल्या खोलीत असतं. खुर्चीला पाठ, पावलं जमिनीवर, पाय वेगळे, लघवीला जाऊन आलेले, पाच मिनिटं शांत. अर्ध्या तासात चहा-कॉफी, तंबाखू किंवा धावपळ नको. कफ उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. बोलणं बंद, माझंही. एक मिनिटाने पुन्हा. कफ दंडाच्या मापाचाच हवा. जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा फुगतो, आणि धडधाकट माणूस घाबरून घरी जातो.

आकडा कागदावर लिहून त्या माणसाच्या हातात द्यायचा, तोंडाने उच्चारायचा नाही. १८०/१२० किंवा वर आला तर पाच मिनिटांनी परत, आणि नर्सला बोलवायचं. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं, हातापायात बळ नसणं, नजर धूसर होणं असेल तर परत मोजत बसायचं नाही, ॲम्ब्युलन्स. आणि चेहरा वाकडा, हात गळालेला दिसला तर पहिला प्रश्न हा: "शेवटचं धड कधी होते?" ती वेळ लिहून सोबत पाठवायची. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि दवाखान्यात पहिलं तेच विचारतात.

म्हणजे मशीन वाईट नाही. मशीनमागचा माणूस बापरे म्हणणारा नको.

सिस्टर_निवृत्त

वळणवाट, हे तुम्हाला कुणी शिकवलं? आमच्या वॉर्डात इतक्या निगुतीने बीपी घेताना मी फार कमी जणांना पाहिलंय. (स्वतःला धरून.)

वळणवाट

आमच्या नर्सबाईंनी. त्यांची आणखी एक सवय आहे. शिकवून झालं की "कळलं का?" असं त्या कधीच विचारत नाहीत. सगळे हो म्हणतात म्हणे. त्या विचारतात, "आता हेच घरी मुलाला कसं सांगाल, मला सांगून दाखवा." पेशंटलाही तसंच, आम्हालाही तसंच. चुकलं तर म्हणतात, "मी नीट सांगितलं नाही," आणि पुन्हा पहिल्यापासून.

हिशेबी

सिस्टर, तुमच्या अकरा जणांत एक हिशेबनीस आहे म्हणालात. त्याच जातीचा मी. आम्हाला बीपी घ्यायला लावू नका, आम्हाला कपाटाची किल्ली द्या.

भेटीची नोंद कुणी करायची, कुठे ठेवायची, कोण वाचू शकतं, कोण गेल्यावर किल्ली कुणाकडे, हे लिहून काढायला आम्ही बरे. नर्सच्या नोंदी चर्चच्या सभासद-रजिस्टरात जाता कामा नयेत, त्यांचं कपाट वेगळं. नर्सची नोंदणी चालू आहे का, जबाबदारीचा विमा आहे का, हे दरवर्षी बघायचं. घरी भेटीला दोघांनी जायचं. मुलांपाशी किंवा परावलंबी माणसापाशी दार लावून एकट्याने बसायचं नाही. कंटाळवाणं आहे, मान्य. पण पहिली तक्रार येते तेव्हा हेच कागद कामाला येतात.

दुसरं, स्वयंसेवक म्हणजे अर्धी नर्स नव्हे. मेम्फिसमध्येच मेथडिस्ट रुग्णालयाने शेकडो मंडळ्यांशी करार करून एक जाळं उभं केलं. त्यात मंडळीतला साधा सभासद 'दुवा' म्हणून नेमतात आणि रुग्णालयाच्या बाजूने वाट दाखवणारा माणूस असतो. सभासद दाखल झाला की दुव्याला कळतं (सभासदाची संमती असेल तरच), आणि घरी आल्यावर गाडी, जेवण, पुढची तारीख हे तो बघतो. यात वैद्यकीय असं काही नाही. पण डिस्चार्जनंतर माणूस पुन्हा दाखल का होतो, तर बरेचदा याच गोष्टींच्या अभावी.

पाळकबाई

हिशेबी यांना अनुमोदन, फक्त शेवटच्या मुद्द्याला थोडी पुस्ती. साधी माणसं वैद्यकीय काहीच करू शकत नाहीत असं नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून काय केलं? गावातल्याच बायका आरोग्यसेविका म्हणून घडवल्या, कित्येकींना अक्षरओळख नव्हती. बाळंतपणापासून कुष्ठरोगाच्या खुणा ओळखण्यापर्यंत त्या शिकल्या. पण कशा शिकल्या ते बघा. एकदाच शिबिर आणि प्रमाणपत्र असं नव्हतं. पुन:पुन्हा जमायच्या, गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या, त्यावरून पुढचं शिकायच्या.

सिस्टरांच्या आठ सत्रांत मला हेच खटकलं. नववं सत्र कुठे आहे? पन्नासावं कुठे आहे?

शंकेखोर

मीच पुन्हा. शंका क्रमांक दोन: हे लोक थकतात त्याचं काय? प्रत्येक चर्चमध्ये त्याच सहा बायका सगळं करतात. गायनगट त्याच, रविवारची शाळा त्याच, आता घरभेटीही त्याच. वर नर्स तर आठवडाभर आजारीच माणसं बघून रविवारी पुन्हा आजारीच माणसं बघणार.

रात्रपाळी

यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. मी स्वतः एकदा दीड वर्ष काम सोडलं होतं. आता नियम केलाय: एक स्वयंसेवक, तीन घरं, जास्त नाही. नेमणूक एक वर्षाची, वर्षाअखेर न बोलता संपते. चालू ठेवायची असेल तर पुन्हा विचारून. "नाही" म्हणायला जागा ठेवली की लोक जास्त टिकतात, हा माझा अनुभव. आणि मी रविवारी उपासनेला बसते तेव्हा बाकावर कुणी रिपोर्ट दाखवायचा नाही. पाळकांनी हे व्यासपीठावरून सांगितलं, मला सांगावं लागलं नाही.

सिस्टर_निवृत्त

तीन आठवड्यांनी परत आलेय, उशिराबद्दल क्षमस्व.

जुना आराखडा फाडला नाही, उलटा केला. गोपनीयता पहिल्या सत्रात, ऐकणं दुसऱ्यात, औषधांबद्दल काय बोलायचं नाही ते तिसऱ्यात. दोन्ही नर्सना वेगळं बसवून रिकाम्या हातांविषयी बोलले. त्यातली धाकटी म्हणाली, "सिस्टर, मग मी तिथे करणार काय?" रात्रपाळीताईंचा प्रतिसाद वाचायला दिला. आठ सत्रांनंतर दर महिन्याला एकदा जमायचं ठरलंय, शेवटची तारीख न घालता. हिशेबनीसांनी कपाट आणलं, किल्ल्या दोन, सही करून.

दुसऱ्या सत्रातली एक गंमत. दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकाने काळजीची एखादी गोष्ट सांगायची, दुसऱ्याने दोन मिनिटं नुसतं ऐकायचं. सल्ला नाही, वचन नाही, "माझ्याही मावशीला" नाही. आमचे निवृत्त शिक्षक ४० सेकंदांत म्हणाले, "तुम्ही असं का करत नाही?" पुन्हा केलं, तर सव्वा मिनिट. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले आणि पार पडलं. सासूबाईंचं केलेली ती गृहिणी मात्र पहिल्याच वेळी दोन मिनिटं संपून पुढेही ऐकतच राहिली, घंटा वाजलेली तिला कळली नाही. तिला मी नर्ससोबत पहिल्या भेटीला पाठवणार आहे.

पाळकसाहेब दोन्ही दिवस पूर्ण वेळ बसले. पहिल्या सत्रात टाचणीताईंची गोष्ट वाचली (त्यांना विचारून). त्या रविवारी प्रार्थना-विनंत्यांचा कागद पाळकसाहेबांच्या हातात आला तेव्हा त्यांनी तो वाचण्याआधी घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आज ज्यांना स्वतः सांगायचंय त्यांनी सांगावं."

बीपी मशीन अजून खोक्यातच आहे. चौथ्या आठवड्यात काढू. वळणवाट, मोठ्या मापाचा कफ एक पुरेल का?

वळणवाट

दोन घ्या. एक धुवायला असतो तेव्हाच नेमका लागतो.

टाचणी

आणि टेबल आतल्या खोलीत.